ठिपक्याकडचा पाय

लग्न होऊन मी पुसदहून पांढरकवड्याला आले, तेव्हा सासरच्या घरात मला सर्वांत आधी आवडली ती मागची छपरी. तिथे एका जुन्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, पोट फाडून ठेवलेले दोन-तीन रेडिओ आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेले सुटे भाग असत. हा सगळा पसारा माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. मामाजींनी सगळी नोकरी कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात घालवली, पण जीव त्यांचा या टेबलात होता. निवृत्त झाल्यावर तर सकाळचा चहाही ते तिथेच घेत. आत्याबाई म्हणत, "यायचं लगन त्या टेबलासंगंच झालं असतं तं बरं झालं असतं."

माझे यजमान झरीकडे आश्रमशाळेत शिक्षक. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मधले दिवस घरात आम्ही तिघंच. मी बीएस्सी झालेली, विषय फिजिक्स. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत वायरी जोडायची मुलं आणि रीडिंग लिहून घ्यायच्या मुली, अशी वाटणीच होती. त्यामुळे सोल्डरिंगचा वास मला ओळखीचा होता, आयर्न मात्र कधी हातात आलं नव्हतं.

ते आलं मामाजींच्या डोळ्यांमुळे. मोतीबिंदू वाढायला लागल्यापासून त्यांना रंग नीट कळेनात. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालणारा छोटासा भाग, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो किती अडवतो हे त्याच्यावर आकड्यात लिहिलेलं नसतं, रंगीत पट्ट्यांत असतं. मामाजींना तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तिन्ही पट्टे एकच दिसायला लागले. एकदा दुपारी मी छपरीत वाळत घातलेले कपडे काढत होते, तर ते म्हणाले, "बेटा, इकडं ये बरं. हा पट्टा तपकिरी हाय का लाल?"

"लाल आहे, मामाजी."

"अन् हा?"

"नारिंगी."

"आता सांग, मी त्याले तपकिरी समजून राह्यलो होतो! म्हणूनच हा रेडिओ परवापासून गुरगुरून राह्यला."

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले आणि महिन्याभरात हातही. पहिल्यांदा कथील वितळवून टाका घातला तो लाडवाएवढा झाला. मामाजींनी तो बराच वेळ भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, "चालते. मजबूत हाय." दुसऱ्या दिवशी तो त्यांनी माझ्यासमोरच काढला आणि मला पुन्हा घालायला लावला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते पान लोक पटकन उलटत. गावाकडची शेती मामाजींचे धाकटे भाऊ पाहायचे. त्यांना मी काकाजी म्हणायचे. उंच, काटक, मोठ्या आवाजाचे. पिकाचं बोलणं निघालं की काकाजीच काहीतरी गंमत सांगून ते दुसरीकडे वळवायचे. सरकारी कापूस संकलन केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, एका जिनिंगच्या आवारात होतं. दिवाळीनंतर तिथे बैलबंड्यांची आणि ट्रॅक्टरची लाईन लागायची, ती थेट हायवेपर्यंत. काकाजी कापूस घेऊन आले की जेवायला आमच्याकडे यायचे आणि बंडी लायनीत उभी असायची.

एक दिवस ते जेवायला आले ते तणतणतच.

"दादा, माह्या नंबर गेला न!"

"कसा काय गेला?"

"मी चाय प्याले गेलतो. तेवढ्यात त्या काट्यावरच्या माणसानं नंबर पुकारला म्हणे. त्याचा आवाज तं कबुतरावाणी! लायनीच्या या टोकाले कोणाले आयकू येते? परत आलो, तं माह्यामागची बंडी आत गेली होती. आता म्हणते, सगळ्यायच्या शेवटी या."

आत्याबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "मंग माणसानं तितंच बसून राहावं."

"वैनी, माणूस किती बसून राहीन? बैल बी बसून कंटाळले. तिथं कोणी झाडाखाली गेलं, कोणी पाण्याले गेलं, का नंबर गेलाच समजा. भांडणं तं रोजची." मग ते मामाजींकडे वळले. "तू एवढा रेडिओ-फिडिओ करतं. एखादी पाटी कर न आमच्यासाठी. लांबून आकडा दिसन अशी. लाल लाल. बसस्टँडवर लावतात तशी."

काकाजींनी हे गमतीनं म्हटलं होतं. मामाजी हसले नाहीत. ते हात धुऊन थेट छपरीत गेले.

त्याच दुपारी आम्ही कामाला लागलो. पाटीवर तीन आकडे हवे होते. प्रत्येक आकडा सात काड्यांचा. इंग्रजी आठ लिहिला की सातही काड्या येतात; त्यातल्या कोणत्या पेटवायच्या आणि कोणत्या विझवायच्या यावर शून्य ते नऊ सगळे आकडे बनतात. एकेक काडी म्हणजे एकामागे एक जोडलेले लाल दिव्यांचे दाणे, म्हणजे एलईडी. आकडा कोणता दाखवायचा हे ठरवायला आयसी, म्हणजे एक छोटी काळी चिप, आणि आकडा एकाने पुढे सरकवायला एक बटण. लाईट तर त्या काळात दिवसातून जायची किती आणि यायची किती, याचा नेम नव्हता, म्हणून सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायला हवं होतं.

पाटीसाठी आत्याबाईंच्या जुन्या कपाटाचं दार निघालं. ते त्यांना न विचारता काढलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि विचारलं होतं असं मामाजींचं. तरी दिव्यांचे दाणे तपासायचं काम त्यांनीच घेतलं. सूप मांडीवर घेऊन, तांदूळ निवडावेत तशा त्या एकेक दाणा छोट्या बॅटरीला लावून पाहत. पेटला तर सुपात, नाही पेटला तर बाजूला. शेजारणी यायच्या, विचारायच्या, "काय निवडून राह्यल्या?" आत्याबाई मान वर न करता सांगायच्या, "दिवे."

प्रत्येक काडीला एक रेझिस्टर लागतो, नाहीतर दाणे जास्तीची वीज ओढून जळतात. तीन आकड्यांचे मिळून एकवीस रेझिस्टर. म्हणजे तेवढ्या वेळा रंग ओळखा, पाय वाकवा, टाके घाला. मामाजी म्हणाले, "बेटा, तुले इतका त्रास कायले? आता रेझिस्टर अ‍ॅरे मिळते म्हणतात. एकाच पट्टीत सगळे. अन् वर रंग नाई, सरळ आकडा छापलेला. माह्या डोळ्याले पण दिसन."

यजमानांचे एक मित्र नागपूरला जाणार होते, त्यांच्याकडून तो माल मागवला. पुडी उघडली, तर आतून छोट्या काळ्या फण्या निघाल्या. अगदी केसांतल्या फणीसारख्या, पण नखाएवढ्या. आठ दाते, म्हणजे आठ पाय, सगळे एका ओळीत. पाठीवर बारीक छापलेलं, ४७१. मामाजींनी भिंगातून वाचलं आणि खुलले. ४७१ म्हणजे चारशे एकाहत्तर नव्हे, सत्तेचाळीस आणि पुढे एक शून्य, चारशे सत्तर ओम. आम्हाला हवे होते तेवढेच. एका टोकाच्या पायाशी एक बारीक ठिपका होता.

"हा ठिपका कशाचा, मामाजी?"

"पाय मोजायले कुठून सुरुवात करायची, त्याची खूण असन," ते म्हणाले. मलाही ते पटलं.

आम्ही दोघांनी मनाशी हिशोब बांधला तो असा: आठ पाय म्हणजे शेजारशेजारच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीत एक रेझिस्टर. पहिल्या पायातून वीज आत जाणार, दुसऱ्यातून बाहेर. तिसऱ्यातून आत, चौथ्यातून बाहेर. एका फणीत चार काड्यांची सोय, दुसऱ्या फणीत उरलेल्या तीन काड्यांची. दोन फण्यांत एक आकडा. मी मोठ्या हौसेनं टाके घातले. ते आता ज्वारीच्या दाण्याएवढे व्हायला लागले होते.

पहिला आकडा तयार झाला तेव्हा रविवार होता. यजमान घरी होते, काकाजी आले होते, आत्याबाई सूप बाजूला ठेवून बसल्या होत्या. मामाजींनी बॅटरी जोडली. शून्य यायला हवा होता. आला आठ.

"आठ आला," काकाजी म्हणाले.

"शून्य पाहिजे होता," मामाजी म्हणाले. "दाब बेटा बटण."

मी बटण दाबलं. एक यायला हवा होता. पाटी विझल्यासारखी झाली. पुन्हा दाबलं, दोनच्या जागी परत आठ. तीनच्या जागी इंग्रजी सी, पण तोंड उलट्या बाजूला फिरवलेला. चारला पाटी पुन्हा अंधारात. पाचला तोच उलटा सी. सहाला डावीकडे एक उभा दांडा आणि त्याला मधोमध खुंटी. सातला उलटा सी. मग आठ. आठच्या जागी आठ!

"आठ बरोबर आला!" आत्याबाईंनी टाळी वाजवली.

नऊला पुन्हा उलटा सी. काकाजी पोट धरून हसायला लागले. "दादा, हे पाटी लावली तं लायनीत एकच बंडी आत जाईन. आठ नंबरवाली. बाकीचे बसा म्हणा खुंटीले धरून!"

सगळे हसले, मामाजीही हसले, पण त्यांनी आयसीवर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. ती तापली होती. त्यांनी बॅटरी काढली. "काहीतरी मोठं चुकलं," ते म्हणाले.

सोमवारी यजमान पहाटेच शाळेला गेले, काकाजी लायनीकडे गेले. मी भांडी आवरून छपरीत आले आणि पाटीसमोर बसले. बॅटरी क्षणभर जोडायची, पाहायचं, आयसी तापायच्या आत काढायची. असं पुन्हा पुन्हा करताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. या पाटीवर कोणतीच काडी एकटी पेटत नव्हती. वरची, उजवीकडच्या दोन आणि खालची, या चौघी जिथे जातील तिथे सोबतच. डावीकडच्या दोन आणि मधली, या तिघींची वेगळी टोळी. पेटल्या तर सगळ्या, विझल्या तर सगळ्या. दोन्ही टोळ्या पेटल्या की आठ. आणि चौघींची टोळी एका फणीवर होती, तिघींची दुसरीवर.

"मामाजी," मी हाक मारली, "हे आयसीचं चुकलेलं नाही. फण्यांमध्ये काहीतरी आहे."

ते चष्मा पुसत आले. मी पुडीतून एक कोरी फणी काढली आणि मल्टिमीटरच्या दोन सुया तिच्या पायांना लावल्या. पहिला आणि दुसरा पाय, चारशे सत्तर. बरोबर. तिसरा आणि चौथा, इथेही चारशे सत्तर यायला हवे होते. आले नऊशे चाळीस.

"सुई घसरली असन," मामाजी म्हणाले.

पुन्हा लावली. नऊशे चाळीस. मग मी तिसरा आणि पाचवा पाय धरला. आमच्या हिशोबानं या दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता, मीटरनं काहीच दाखवायला नको होतं. नऊशे चाळीस. चौथा आणि आठवा, नऊशे चाळीस. कोणतेही दोन पाय धरा, दुप्पट. फक्त ठिपक्याजवळचा पाय धरला, की समोर कोणताही असो, चारशे सत्तर.

मग मामाजींनी यजमानांचा एक खडू घेतला आणि छपरीच्या फरशीवर फणी काढली. आतून एक आडवी रेघ, तिला ठिपक्याचा पाय थेट जोडलेला. बाकीचे सात पाय त्याच रेघेला, पण प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर. तिसऱ्या पायातून पाचव्यात जायचं तर तिसऱ्याचा रेझिस्टर ओलांडून रेघेवर यायचं आणि पाचव्याचा ओलांडून बाहेर पडायचं. दोनदा अडथळा, म्हणून दुप्पट.

"आपल्याले चार वेगवेगळ्या वाटा पाहिजे होत्या," मामाजी खडूनं रेघ गिरवत म्हणाले, "अन् याच्यात साऱ्या वाटा एकाच चौकात येऊन राह्यल्या. एका वाटेनं वीज सोडली, का चौकातून साऱ्यायच्या घरी."

"म्हणजे ठिपका पाय मोजण्यासाठी नाही. चौकाकडे जायचा रस्ता तो आहे."

"दोन जाती हायेत तं याच्या. वरून सारख्याच. आपल्याले दुसरी जात पाहिजे होती." त्यांनी खडू खाली ठेवला. "माल चुकीचा आला बेटा. माह्याच डोक्यात नाई आलं का याच्यात बी प्रकार असतीन म्हणून."

यवतमाळला चौकशी केली, तर दुकानदारानं अशी कुठली फणीच कधी पाहिली नव्हती. नागपूरला कोणी जाणारं नव्हतं. सुट्या रेझिस्टरवर परत यायचं, तर त्या मापाचे डब्यात पुरेसे नव्हते. दोन दिवस पाटी भिंतीला टेकून उभी होती. काकाजींचा कापूस तेवढ्यात मोजला गेला होता, पण घरी दुसरी वेचणी सुरू होती. पुन्हा लायनीत यायचंच होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता. नळ म्हणजे एक उभा जाड पाईप आणि त्याला गोल फिरून लावलेल्या तोट्या. त्या सकाळी पाणी आलं, मी बादली घेऊन गेले. माझ्या आधीची बाई आपली तोटी बंद करून गेली, मी माझी उघडली. बाजूची तोटी चालू होती, पलीकडची बंद. मी बादलीकडे बघायचं विसरून त्या पाईपाकडे पाहत राहिले. पाणी तर सगळ्या तोट्यांना एकाच पाईपातून येत होतं. वरती सगळ्या एकच. तरी माझी तोटी उघडली म्हणून शेजारची वाहत नव्हती. कोणाला पाणी मिळायचं, ते खाली तोटीवर ठरत होतं.

"वैनी, बादली वाहून राह्यली न तुमची!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी तशीच हिंदकळती बादली घेऊन घरी पळाले.

"मामाजी! आपण वीज फणीच्या आधी अडवत होतो. काड्यांच्या नंतर अडवली तर?"

ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. "म्हंजे?"

"ठिपक्याचा पाय सरळ बॅटरीला जोडायचा. चौकात सगळ्यांची वीज एकत्रच येऊ द्या. तिथून सात पायांनी सात काड्यांकडे. आणि प्रत्येक काडीच्या दुसऱ्या टोकाला आपली तोटी. आयसी म्हणेल ती तोटी उघडायची."

त्यांचा वस्तरा हवेतच थांबला. मग ते पुटपुटले, "आठ पाय. एक ठिपक्याचा. राह्यले सात." आणि एकदम मोठ्यानं, "काड्या किती असतात?"

"सात!"

"अरे, मंग एका आकड्याले एकच फणी लागन! दोन लावून राह्यलो होतो आपण! हे तं याच्यासाठीच बनवली हाय!" त्यांनी साबण लागलेल्या तोंडानंच आत्याबाईंना हाक मारली. "आयकलं का? माल चुकीचा नाई, बरोबर आला!"

"मंग दोन दिवस तोंड पाडून काहून बसलते?" आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तोटी म्हणून आम्ही ट्रान्झिस्टर लावले. ते मामाजींच्या डब्यांत जुन्या रेडिओंतून काढलेले भरपूर होते. गंमत अशी की प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी एक मोठ्या मापाचा सुटा रेझिस्टर लागला. म्हणजे रंग ओळखायचं काम टाळायला फण्या आणल्या, आणि मी पुन्हा तपकिरी, काळा, नारिंगी करत बसले. पण हे डब्यात होते. मला तर ते काम आवडायचंच.

या वेळी पहिला आकडा शून्य आला. एक आला, दोन आला, नऊपर्यंत सगळे आपापल्या रूपात आले. मामाजींनी मला आशीर्वाद द्यावा तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात लगेच बटणावर नेऊन ते स्वतःच मोजत बसले.

पाटीवरचा तिसरा आकडा जोडला तेव्हा मात्र पुन्हा काहीतरी बिनसलं. आकडे बरोबर येत, पण मधली आडवी काडी पेटली की ती झळझळीत आणि बाकीच्या अगदी मलूल. आत्याबाई दाणे निवडता निवडता पाहत होत्या.

"हे मधलीच एकटी एवढी काहून जेवून राह्यली? बाकीच्या उपाशी."

मी पाटी उलटी करून पाहिली. फणी उलटी बसवली होती. ठिपका बॅटरीकडे असायच्या ऐवजी मधल्या काडीकडे. त्यामुळे ती काडी थेट चौकात बसली होती आणि तिच्या वाटेत स्वतःचा अडथळाच नव्हता. उरलेल्यांना तिचं उरलंसुरलं. फणी काढून सुलटी लावली आणि सगळ्या काड्या सारख्या उजळल्या. "आता पंगत बरोबर बसली," आत्याबाई म्हणाल्या.

पाटी केंद्रावर नेली, तेव्हा तिथल्या साहेबांना आधी भीती वाटली. "हे करंट तर मारणार नाही ना?" त्यांनी विचारलं. मामाजींनी दोन्ही हातांनी बॅटरीची टोकं धरून दाखवली तेव्हा त्यांनी होकार दिला. काकाजींनी आणि दोन गाडीवानांनी मिळून पाटी काट्याजवळच्या खांबावर चढवली. बॅटरी जोडली. आम्ही लायनीच्या टोकाकडे चालत गेलो, मागे वळून पाहिलं, तर काहीच दिसेना. भर दुपारचं ऊन पाटीवर पडलं होतं आणि लाल दाणे त्यात विरघळून गेले होते. घरी छपरीच्या सावलीत ते काय तेजस्वी दिसायचे!

काकाजी म्हणाले, "थांबा." ते चहाच्या टपरीवर गेले, तिथून तेलाचे रिकामे पिपे घेऊन आले, जिनिंगच्या मिस्त्रीकडून पत्रा कापायची कात्री मागितली. पाटीला तिन्ही बाजूंनी पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर झालं. आतून आम्ही त्याला चुलीची काजळी तेलात कालवून फासली. माझे हात, मामाजींचा सदरा, काकाजींचं नाक, सगळं काळं. पुन्हा लायनीच्या टोकाकडे गेलो. अंधाऱ्या खोक्यात तीन लाल आकडे लख्ख दिसत होते.

काट्यावरच्या माणसानं बटण दाबलं. आकडा एकाने पुढे गेला. लायनीत आधी एक डोकं वर झालं, मग दुसरं. एकजण बंडीवरून उडी मारून उतरला आणि बैलांना हाकारत पुढे गेला. कोणी पुकारलं नव्हतं. मागे कोणीतरी म्हणालं, "आपल्याले लय टाइम हाय रे, चाल, चाय मारून येऊ." आणि चार-पाच जण निवांत चहाला निघाले. तो निवांतपणा पाहून मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.

एक म्हातारे शेतकरी पाटीखाली येऊन उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी आकडा वाचला. मग आम्हाला म्हणाले, "नंबर तं दिसून राह्यला बाप्पा. भाव काहून नाई दिसत?"

सगळे हसले. ते स्वतःही हसले. मामाजी हळूच म्हणाले, "ते आमच्या हातात असतं, तं पयले तेच लावलं असतं." म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि मामाजींच्या खांद्यावर थापटलं. "व्हय. तुमी आपलं काम केलं."

काकाजींचा नंबर आला तेव्हा ते टपरीवर होते. त्यांनी लांबूनच पाटी पाहिली, कप ठेवला आणि डोक्याला बांधलेलं उपरणं सोडून हवेत फिरवत बंडीकडे निघाले. आमच्यासमोरून जाताना ओरडले, "दादा, आठ नाई न आला या टायमाले!"

पाटी तिथे दोन हंगाम चालली. मधे एकदा एक दाणा गेला, एकदा बटण घासून गेलं, एवढंच. पुढे ते केंद्र दुसरीकडे हललं, लायनीही पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. खाजगी व्यापारी गावात येऊन माल उचलायला लागले. केंद्रावरच्या साहेबांनी पाटी परत पाठवली, ती यजमानांनी आपल्या आश्रमशाळेत नेली. तिथली मुलं कोलाम आणि गोंड. आकडे त्यांना यायचे ते घरच्या भाषेत, शाळेत मराठीतून म्हणायची लाज वाटायची. पाटी व्हरांड्यात टांगली आणि बटण मुलांच्या हातात दिलं, तेव्हापासून ती लाज गेली, असं यजमान सांगायचे. एकजण बटण दाबणार, बाकीचे तो आकडा आधी आपल्या भाषेत ओरडणार आणि मग मराठीत.

एकदा मी आणि मामाजी बसनं तिकडे गेलो. व्हरांडाभर मुलं जमली होती आणि बटण दाबायला रांग लागली होती. आकडा नऊशेच्या पुढे गेला होता. यजमान कपाळाला हात लावून म्हणाले, "यांना शेवटपर्यंत जायचंच असतं. सगळा तास यातच जातो." मामाजी खाली मुलांमध्ये मांडी घालून बसले. नऊशे सत्त्याण्णव, नऊशे अठ्ठ्याण्णव. आवाज वाढत गेला. नऊशे नव्व्याण्णवला सगळी मुलं एकदम गप्प झाली, एका लहान मुलीनं डोळे मिटून बटण दाबलं, आणि तीन शून्यं आली तशी सगळी शाळा उड्या मारायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं मामाजी ओरडत होते.